लाल मातीत बॉल उसळत नाही

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर पासला जागाच नसते. कुणी किती पॉइंट केले, कुणाचे किती फाउल झाले, टाइमआउट कधी घेतला, हे सगळं चौकोनाचौकोनांत भरायचं असतं. बॉल कुणाच्या हातातून निघाला, कुणाकडे थांबला, कुणी तो अर्धा सेकंद आधी सोडला म्हणून पुढचीला मोकळा शॉट मिळाला, हे मॅच संपली की हवेत विरून जातं. मोठ्या स्पर्धांत वेगळी माणसं बसून असिस्ट मोजतात हे खरं. पण आपल्या आंतरकॉलेज मॅचला टेबलावर दोन दमलेले ऑफिशियल, एक घड्याळ आणि एक निळी पट्टीवाली वही असते. तिथं असिस्ट कोण मोजणार?

फर्स्ट इयरला मी टीमच्या बेंचवर बसायचे. म्हणजे टीममध्ये होते, पण बहुतेक वेळ बसायचे. सरांनी एकदा माझ्या हातात दोनशे पानी वही दिली आणि म्हणाले, "तू लिटरेचरवाली ना? मग बसून काय करतेस, लिही." काय लिहायचं ते सांगितलं नाही. मग मी माझ्यापुरतं ठरवलं की प्रत्येक वेळी बॉल आपल्याकडे आला की तो किती हातांतून गेला ते मांडायचं. एका हातातून गेला तर एक काडी, चार हातांतून गेला तर चार काड्या. शेवटी बास्केट झाली तर गोल, बॉल हरवला तर फुली. पहिल्या महिन्यात वहीचं पान बघून माझ्या रूममेटला वाटलं मी तुरुंगातले दिवस मोजतेय.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या काड्यांकडे बघून एक गोष्ट लक्षात यायची. लीगच्या मॅचमध्ये एक काडी आणि गोल, एक काडी आणि गोल असं पानभर दिसायचं. आमची त्या वेळची कॅप्टन बॉल घ्यायची, दोघींना चकवायची आणि टाकायची. नॉकआउटला तेच पान एक काडी आणि फुली, एक काडी आणि फुली असं व्हायचं. कॅप्टन तीच, बॉल तोच, हातही तेच. दोन वर्षं आम्ही लीग आरामात पार केली आणि नॉकआउटच्या पहिल्याच मॅचला किटबॅग उचलून घरी आलो.

असं का होतं, हा प्रश्न मला पडला त्याला कारण आहे. मी बास्केटबॉल शिकले ते अगदी उलट्या टोकाला.

मी सुप्याची. हे सांगितलं की पुण्या-मुंबईकडचे लोक म्हणतात, "अच्छा, पारनेरजवळचं सुपं?" किंवा "बारामतीकडचं?" नाही. कारवार जिल्ह्यातलं, काळी नदीवरचं. जिल्ह्याचं सरकारी नाव उत्तर कन्नड, पण आमच्याकडे अजून कारवार जिल्हाच म्हणतात. खरं तर आता सुपा नावाचं गाव जमिनीवर नाही. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर ते होतं. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८७ मध्ये ते पुरं झालं, आणि गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. माणसं उठून रामनगरला आली, त्यांत माझे आजी-आजोबा होते. रामनगरहून दांडेलीला बसने जाताना धरणाचं पाणी दिसलं की आजी खिडकीतून हात बाहेर काढायची. "बाय, तिथं खाली." एवढंच म्हणायची. खाली काय, ते तिला सांगावं लागायचं नाही. माझा जन्म रामनगरचा, तरी कुणी गाव विचारलं तर तोंडातून सुपाच येतं.

रामनगरला आमच्या चर्चच्या आवारात एक बास्केटबॉलचा पोल होता. एकच. समोरच्या बाजूला नव्हता, तिथं फणसाचं झाड होतं. जमीन लाल, चिऱ्याची माती. उन्हाळ्यात तिच्यावर बारीक खडी वर यायची, पावसात चिखल. आणि पाऊस म्हणजे आमच्याकडचा पाऊस, कॅसलरॉक आमच्याच तालुक्यात आहे, त्यावरून काय ते समजा. अशा जमिनीवर बॉल आपटला की तो कुठं जाईल ते त्यालाच माहीत. खडीवर पडला तर नडगीवर यायचा, ओल्या मातीत पडला तर तिथंच बसायचा. त्यामुळे आम्ही ड्रिबल असं केलंच नाही. कुणी आम्हाला करू नका म्हणून सांगितलं नव्हतं. जमायचंच नाही. बॉल हातात आला की दुसरीकडे फेकायचा, फेकला की पळायचं, पळता पळता ओरडायचं.

या ओरडण्याचीही एक गंमत. आमच्यात घरात मराठी बोलणाऱ्या होत्या, कोंकणी बोलणाऱ्या होत्या, शाळा कन्नड होती. त्यामुळे "इकडं!", "हांगा!", "इल्ली!" अशी एकाच वेळी तिन्ही भाषांत हाक यायची आणि तिन्हींचा अर्थ एकच. मी कुठल्या भाषेतली हाक आली त्यावरून न बघता ओळखायचे की कुठल्या कोपऱ्यात कोण उभी आहे. कॉलेजात आले तेव्हा सगळ्या "बॉल! बॉल!" ओरडायच्या. सुरुवातीला मला कोण कुठं आहे तेच कळेना.

नंतर लायब्ररीत बसून या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा मला जाम हसू आलं. आमचं चर्चच्या आवारातलं बास्केटबॉल म्हणजे मूळ बास्केटबॉल होतं की! जेम्स नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ काढला. थंडीत पोरांना हॉलच्या आत खेळता यावं आणि फुटबॉलसारखी हाणामारी होऊ नये, असा त्याचा हिशेब होता. त्याचं शिक्षण धर्मशास्त्राचं झालेलं होतं. त्याने तेरा नियम लिहिले, आणि त्यांतला एक असा की बॉल हातात घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथूनच फेकायचा. ड्रिबलचा त्या तेरा नियमांत उल्लेखच नाही. ती सोय पुढे खेळाडूंनी शोधून काढली. बॉल हातात घेऊन पळता येत नाही ना, मग खाली टाकून पुन्हा उचलला तर? अडचणीतून काढलेली पळवाट, जिची पुढे कला झाली.

आपल्याकडेही हा खेळ बऱ्याच ठिकाणी मिशनच्या आणि वायएमसीएच्या दारातून आला. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२०च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस काढलं. तेच, जिथं १९३६ मध्ये आजच्या टिसची सुरुवात झाली. त्या नागपाड्याच्या गल्ल्यांतून देशाकडून खेळणारे बास्केटबॉलपटू निघाले. गुलाम अब्बास मूनतसिर तिथलेच, भारताचे कर्णधार झाले, १९७० चं अर्जुन पारितोषिक मिळालं. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचा सॅव्हिओ कप तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मिशनच्या आवारात पोल असतो हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की तो तिथं कसा आला हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

तर मूळ खेळ पासचा. पण याचा अर्थ ड्रिबल म्हणजे फुशारकी आणि पास म्हणजे सद्गुण, असा कुणी काढला तर मला पटणार नाही. आमच्याकडे रिट्रीटमध्ये असले दाखले देतात: "मुलांनो, बॉल वाटून घ्या, जीवनही वाटून घ्या." ऐकायला छान. कोर्टावर मात्र लाल मातीतल्या आमच्या टीमचं काय झालं ते ऐका.

मी नववीत असताना आम्ही शाळेच्या एका स्पर्धेला गेलो. सिमेंटचं कोर्ट आम्ही पहिल्यांदा पाहिलं. पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो, कारण समोरच्या मुली आपल्या हाफमध्ये उभ्या राहून आमची वाट बघायच्या आणि आम्ही त्यांच्याभोवती बॉल असा फिरवायचो की त्यांना चक्कर यायची. सेमीफायनलला जी टीम आली तिच्या कोचने आम्हाला आधी बघून ठेवलं होतं. त्यांनी पहिल्या मिनिटापासून पूर्ण कोर्टभर प्रेस लावला. म्हणजे आम्ही रेषेबाहेरून बॉल आत टाकायलाच त्यांच्या पाची जणी आमच्या अंगावर. नियम असा आहे की बॉल आत टाकायला पाच सेकंद आणि तो आपल्या हाफमधून पुढे न्यायला आठ सेकंद. आमच्यात एकीलाही डाव्या हाताने बॉल मारत दोन पावलं जाता येत नव्हतं. पास टाकायचा तर समोर हात, मागे हात, बाजूला हात. हवेतून उंच टाकला तर तो तरंगत जातो आणि कुणीही पळत येऊन काढून घेतं. आठ सेकंद, शिट्टी. आठ सेकंद, शिट्टी. आम्ही हरलो म्हणण्यापेक्षा आम्हाला अर्धी रेषाच ओलांडता आली नाही.

म्हणून बॉल हँडलिंग. मराठीत याला नेमका शब्द मला सापडलेला नाही. हातात बॉल "असणं" आणि बॉल हाताला "कळणं" यात जो फरक आहे तो. नुसतं ड्रिबल नव्हे. अंगावर दोघी आल्या तर घाबरून बॉल उचलून छातीशी न धरणं, दोन पावलं मागे सरकणं, एका पायावर फिरून जागा करणं, एकीकडे टाकते असं दाखवून दुसरीकडे टाकणं. ड्रिबल एकदा थांबवला की परत सुरू करता येत नाही, त्यामुळे तो कधी थांबवायचा हे ठरवणं ही सगळ्यांत मोठी अक्कल. चांगली पॉइंट गार्ड ड्रिबल जिवंत ठेवते, म्हणजे तिच्या समोरच्या बाईला शेवटपर्यंत कळत नाही की ही आता जाणार की देणार.

आता नॉकआउटचा प्रश्न. लीगमध्ये समोर कधी तगडी टीम असते, कधी अशी की तिच्यात दोन मुली ऐनवेळी होस्टेलमधून उचलून आणलेल्या असतात. तिथं एका चांगल्या खेळाडूच्या जिवावर मॅच निघते. नॉकआउटला उरतात त्या सगळ्या टीम चांगल्या आणि तोवर सगळ्यांनी सगळ्यांना पाहिलेलं असतं. आमच्या कॅप्टनचा उजवा हात, तिचा तो एक खांदा पाडून आत घुसण्याचा प्रकार, हे समोरच्यांच्या कोचच्या वहीत लिहिलेलं असायचं (वह्या काही माझ्या एकटीकडेच नव्हत्या). मग ते तिच्यावर दोघी लावायचे. इथं साधं गणित आहे. पाचातल्या दोघी एकीवर गेल्या की उरलेल्या चौघींवर तिघी राहतात. कुठंतरी कुणीतरी मोकळी असतेच असते. पण ती मोकळी राहते जेमतेम एक-दोन सेकंद. तेवढ्यात बॉल तिच्यापर्यंत पोचला तर दोघी लावणाऱ्याचा डाव त्याच्यावरच उलटतो. नाही पोचला तर आपली सगळ्यांत चांगली खेळाडू कोपऱ्यात कोंडली जाते. माणसाच्या पायांपेक्षा फेकलेला बॉल केव्हाही वेगात जातो, सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. आणि बॉल वेळेवर सुटण्यासाठी दोघींच्या मध्ये उभं राहून डोकं शांत ठेवणारी लागते. म्हणजे पास पुन्हा हँडलिंगवर येऊन थांबतो.

डीन ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन माणसाने 'बास्केटबॉल ऑन पेपर' या २००४ च्या पुस्तकात मॅच कशावर जिंकली जाते याचे चार घटक मांडले. शूटिंगला त्याने ४० टक्के वजन दिलं, आणि दुसऱ्या नंबरवर काय असेल? बॉल न हरवणं, २५ टक्के. रिबाउंड आणि फ्री थ्रो त्याच्या खाली. मला हे वाचून बरं वाटलं, माझ्या फुल्यांना कुणीतरी गणिताचा दर्जा दिला.

एनबीएतली दोन उदाहरणं मी आमच्या टीमच्या ग्रुपवर इतक्यांदा टाकली आहेत की मला म्यूट केलेलं आहे. तरी तुम्हाला सांगते. २०१४ ची फायनल, सॅन अँटोनिओ स्पर्स विरुद्ध मायामी हीट. मालिका १-१. तिसऱ्या मॅचला स्पर्सचे कोच ग्रेग पोपोविच यांनी सुरुवातीच्या पाचांत एक बदल केला. बोरिस डिऑ नावाचा जरा जाडसर, फारसा न पळणारा, उड्या न मारणारा माणूस घेतला. का? तर तो सुंदर पास टाकतो. त्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये स्पर्सनी ७१ पॉइंट केले आणि त्यांचे शॉट पडण्याचं प्रमाण ७५.८ टक्के होतं, फायनलमधला विक्रम. मालिका ४-१ अशी खिशात. यूट्यूबवर त्या मॅच बघा. बॉल एवढा फिरतो की हीटचे खेळाडू, लेब्रॉन जेम्ससकट, सतत एक पाऊल उशिरा पोचताना दिसतात. नियमित हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी तीस मिनिटांच्या वर गेली नव्हती. म्हणजे नॉकआउटला पाय ताजे आणि दहा जणांना एकमेकांचे हात ओळखीचे.

दुसरं उदाहरण उलटं. २०१६. गोल्डन स्टेट वॉरियर्स, ७३ विजय आणि ९ पराभव, तोवर इतकं कुणी जिंकलं नव्हतं, आणि पासिंगसाठी तेही प्रसिद्ध. फायनलमध्ये ३-१ पुढे असून मालिका गेली. सातव्या मॅचच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये, स्कोअर अगदी बरोबरीत घुटमळत असताना, स्टीफ करीने पाठीमागून एक हाती पास टाकला आणि बॉल सरळ रेषेबाहेर गेला. साधा चेस्ट पास टाकला असता तर? वॉरियर्स ९३-८९ ने हरले. एका पासने मॅच जात नाही हे मला कळतं. पण तो पास मी किती वेळा पाहिलाय विचारू नका.

आपल्याकडचं बघायचं तर पुण्याची शिरीन लिमये. भारताची गार्ड, पुढे कर्णधार. जुलै २०१७ मध्ये बंगळूरला महिला आशिया कपचा डिव्हिजन बी झाला, त्यात भारताने फायनलला कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या डिव्हिजनमध्ये जागा मिळवली. दोन पॉइंटचा फरक म्हणजे एक बास्केट. अशा मॅचमध्ये एक हरवलेला बॉल म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तेव्हा मी शाळेत होते आणि मराठी नावाची बाई भारताचा बॉल पुढे नेते याचंच मला अप्रूप वाटलेलं.

आता या उन्हाळ्याचं. मेमध्ये घरी गेले तर चर्चच्या आवारातला पोल तोच, फणस तोच, पण पोलसमोर कुणीतरी जुन्या बांधकामाच्या उरलेल्या सिमेंटचा एक चौथरा घातलेला. साधारण दोन खोल्यांएवढा. त्यावर बॉल उसळतो! आणि त्या चौथऱ्यावर एक आठवीतली मुलगी. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलेली. पायांतून, पाठीमागून, डाव्या हाताने, सगळं. मी उभीच राहिले. आमच्या वेळी हे कुणाला स्वप्नातही येत नव्हतं.

फादरनी मला पंधरा दिवस मुलींना शिकवायला सांगितलं, महिनाअखेरीला तालुक्यातल्या मुलींच्या मॅच होत्या. पहिल्या दिवशी अकरा मुली आल्या. चौथ्या दिवशी सात. कारण डोळ्यांना दिसत होतं. बॉल त्या आठवीतल्या मुलीकडे गेला की परत येत नव्हता. बाकीच्या दोन दिवस "हांगा, इल्ली" ओरडल्या, मग ओरडायच्या बंद झाल्या, मग यायच्या बंद झाल्या. ती गर्विष्ठ होती असंही नाही. तिला ते दिसतच नव्हतं. खाली बघून ड्रिबल करणाऱ्याला बॉल दिसतो, माणसं दिसत नाहीत.

मी सांगितलं, उद्यापासून वीस मिनिटं ड्रिबल बंद. दहा पास न आपटता पूर्ण करायचे, मध्ये पडला तर एकपासून. चौथऱ्याच्या बाहेर, मातीवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई आली. आमच्या घरासमोरच्या लाइनीत राहते, मम्मीची ओळखीची. मी चहा विचारला, नको म्हणाली. उभ्या उभ्याच म्हणाली, "बाय, तू शिकून आलीस, चांगलं आहे. पण माझ्या पोरीला एक गोष्ट येते, तीच तू बंद केलीस?"

मी म्हटलं, "काकी, बंद नाही केली. वीस मिनिटं फक्त."

"पुढल्या वर्षी तिला सरकारी स्पोर्ट्स हॉस्टेलच्या निवडीला न्यायचंय. तिथं बघणारे काय बघणार? हिने किती बास्केट केल्या तेच ना? दुसरीला दिलेला बॉल कागदावर चढतो का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण कागदावर तो चढत नाही हे मलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. माझ्याकडे त्याची दोनशे पानी वही आहे. आणि हॉस्टेल म्हणजे त्या घराला काय ते मला बाहेरून आलेल्यासारखं मोजता येत नाही. राहणं, जेवण, शाळा, बूट. रामनगरच्या मुलीला ते मिळालं तर चार वर्षांचा प्रश्न मिटतो.

"काकी," मी शेवटी म्हटलं, "तिथं हिच्यासारख्या चाळीस येतील. सगळ्या मोबाइलवर शिकलेल्या. हिच्यावर दोघी लावल्या तर काय करते, ते बघतील."

"मग ते शिकव," ती म्हणाली आणि गेली.

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी बेत बदलला. वीस मिनिटं मातीवर, सगळ्यांसाठी, ड्रिबलशिवाय. नंतर वीस मिनिटं चौथऱ्यावर, आणि तिथं त्या एकटीवर दोघी सोडायच्या. ड्रिबल कितीही कर, पण बॉल त्या दोघींच्या तावडीतून निघून तिसरीच्या हातात गेला तरच एक पॉइंट. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. बॉल पायांतून काढायची, एकीला चकवायची, दुसरीवर आपटायची. दुसऱ्या दिवशी तिने मान वर केली. एवढंच. बॉलकडे न बघता तो मारू लागली, आणि मान वर केल्यावर तिला समोर मुली दिसल्या. बाकीच्यांना मी एकच शिकवलं: बॉलची वाट बघू नका, त्याच्याकडे दोन पावलं या आणि कुठं हवा ते हाताने दाखवा. पास टाकणारीचं काम जेवढं, तेवढंच घेणारीचंही असतं. आठवड्याने अकरापैकी दहा परत आल्या. अकरावीचं कुटुंब आंब्यांच्या कामाला गेलं होतं.

मॅचला आम्ही सेमीफायनल जिंकलो. तीन पॉइंटनी. समोरच्यांनी अपेक्षेप्रमाणे तिच्यावर दोघी लावल्या आणि तिने जवळजवळ प्रत्येक वेळी बॉल काढून दिला. गंमत म्हणजे त्या मॅचमध्ये तिचे स्वतःचे पॉइंट पहिल्या मॅचच्या निम्मेही नव्हते. सगळ्यांत जास्त केले नववीतल्या एका उंच मुलीने, जी पहिल्या आठवड्यात बॉल आला की डोळे मिटायची. तिची आई मैदानाच्या कडेला उभी होती, काकीही होती. काकी मॅचनंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. स्कोअरशीट बघायला टेबलाकडे गेल्या, बोटाने ओळ शोधली, आणि काही न बोलता पोरीला पाण्याची बाटली दिली. फायनल आम्ही हरलो, सरळ हरलो. पाय संपले होते, बदली खेळायला धड कुणी नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री मी माझ्या वहीतली कोरी पानं फाडून त्या मुलीला दिली आणि त्यावर काड्या, गोल, फुल्या कशा मांडायच्या ते दाखवलं. निवडीला जाशील तेव्हा हेही ने, म्हटलं. बघणारे बघतील न बघतील. तिने विचारलं, "दीदी, मी खेळत असताना लिहिणार कोण?"

नववीतलीचं नाव तिनेच सुचवलं. पण मग तीही खेळत असते, हा घोळ राहिलाच. शेवटी काम धाकट्या भावाकडे गेलं, प्रत्येक मॅचला एक वडापाव या बोलीवर.

आमच्या कॉलेजच्या नॉकआउट पुढच्या महिन्यात आहेत. माझं शेवटचं वर्ष. काल फादरचा मेसेज आला. जून लागला, माती गेली, चौथऱ्यावर शेवाळ. मुली आता पॅरिश हॉलमध्ये दहा पास खेळतात आणि दोन काचा फुटल्या आहेत. काचांचे पैसे कुणी द्यायचे हे त्यांनी विचारलेलं नाही, पण मेसेज मलाच का केला ते मला कळलंय.